बाजूने जाणारं वादळ

गोव्यात चक्रीवादळाची बातमी आली की एकच प्रश्न विचारला जातो, "आमच्याकडे धडकणार काय?" हवामान खात्याच्या नकाशावरची रेघ गुजरातकडे किंवा ओमानकडे वळलेली दिसली की प्रश्न मिटतो आणि माणसं मासळीबाजाराकडे वळतात. रेघ खोटं सांगत नाही. २००९ चं फयान अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, २०२० चं निसर्ग श्रीवर्धनजवळ, २०२१ चं तौक्ते दीव-उना भागात. २०१९ चं क्यार तर समुद्रातच फिरून विरलं. यातल्या एकाही वादळाचा डोळा गोव्यावरून गेला नाही. तरीही १६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते शे-दीडशे किलोमीटर लांबून सरकून गेलं, तेव्हा इथे दोन माणसं गेली, शेकडो झाडं पडली आणि कित्येक गाव अनेक दिवस विजेविना राहिले.

म्हणून गोव्यासाठी प्रश्न बदलायला हवा. वादळ आपल्या कुठल्या बाजूने जाणार, त्या वेळी भरती किती असेल आणि आपली पावसाळ्याआधीची कामं झालीत का, हे तीन प्रश्न विचारले तर उत्तरं उपयोगी पडतात.

वारा कुठून येणार

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ समोरच्या समुद्रातून दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असताना गोवा त्याच्या उजव्या हाताला पडतो. उजवी बाजू वाईट, कारण वादळाचा फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग तिथे एकत्र होतो.

वादळ नैर्ऋत्येला असेपर्यंत आपल्याकडे वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. ते बरोबर समोर आलं की वारा दक्षिणेचा होतो. ते वायव्येला सरकलं की वारा नैर्ऋत्येचा, थेट समुद्रावरून, पाणी आणि मीठ घेऊन. टीव्हीवर "वादळ गोवा ओलांडून पुढे गेलं" असं सांगतात, नेमकं तेव्हा किनाऱ्यावरचं काम बिघडायला लागतं. दुसरं असं की सकाळभर आग्नेयेकडून रेटलेली झाडं दुपारी वेगळ्याच बाजूने रेटली जातात, आणि तोवर पावसाने मुळांखालची माती मऊ झालेली असते. वारा मध्येच पडला म्हणून पत्रा ठोकायला शिडीवर चढू नका. वाऱ्याची दिशा पालटून पुन्हा पडेपर्यंत घरात थांबा.

वेगाचे आकडेही नीट वाचायला हवेत. ताशी ६३ ते ८८ किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, ११८ ते १६६ अतितीव्र. हे आकडे वादळाच्या पोटातले, आपल्या अंगणातले नव्हेत. आपल्यासाठी महत्त्वाची ओळ असते ती "गोवा किनाऱ्यावर ताशी ६० ते ७० किलोमीटर, झोत ८०" अशी. छप्पर उडतं ते झोताने, सरासरीने नव्हे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० ला चौरस मीटरमागे साधारण १७ किलो, १०० ला ४७ किलो, १२० ला ६८ किलो. दहा फूट बाय तीन फुटांचा पत्रा धरला तर १०० च्या झोतात त्याच्यावर सव्वाशे किलोंहून जास्त ओढ येते. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४०. गच्चीवर पत्र्याची शेड घालून देणाऱ्याला हा आकडा विचारून बघा.

इशारे चार टप्प्यांत येतात. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी, आणि १२ तास आधी जमिनीवर काय होईल त्याचा अंदाज. पण हे वेळापत्रक वादळ जिथे धडकणार त्या किनाऱ्यासाठी बांधलेलं असतं. बाजूने जाणाऱ्या वादळात आपल्या वाट्याला कमी वेळ येतो, आणि अरबी समुद्रातली वादळं अलीकडे गरम पाण्यावर झपाट्याने जोर धरतात. पूर्वसूचना आली त्याच दिवशी कामाला लागावं. बंदरावरचा बावटाही बघत जा. एक आणि दोन नंबर म्हणजे संकट लांब समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याचा वारा लागणार. तीन नंबर लागल्यावर होडी बाहेर काढणाऱ्याला कुणी अडवलं तर त्याने वाईट वाटून घेऊ नये.

मे महिन्याचं गणित

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आपली पावसाळ्याची तयारी मात्र जूनच्या पहिल्या आठवड्याकडे डोळे लावून चालते. शाकारणी मेच्या शेवटी, फांद्या छाटणं मेच्या शेवटी, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मेच्या शेवटी. मध्येच पंधरा-सोळा तारखेला वादळ आलं की कौलं अर्धी काढलेली, सुकी मासळी अंगणात, पन्हळीत वर्षभराचा पाला. माझं मत स्पष्ट आहे : ही कामं आता एप्रिलअखेरीस संपवायला हवीत. एवढ्या एका बदलाने बरंच नुकसान टळेल.

त्यातही पहिलं काम झाडांचं. गोव्यात वादळाचं नुकसान म्हणजे मुख्यतः झाडांचं आणि झाडांनी केलेलं नुकसान.

कुठली झाडं पडतात? रस्त्याकडेचे गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष, पसरट माथ्याचे आणि उथळ मुळांचे. वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया, जिचं लाकूड चिवट नसतं. फणसाच्या आणि आंब्याच्या एका बाजूला वाढलेल्या जड फांद्या. सुपारी मध्येच मोडते. माड वाकून वारा सोसतो, म्हणून त्याच्यावर आपला विश्वास फार. पण माडाला सोटमूळ नसतं. दोरीसारख्या तंतुमुळांचा झुपका त्याला धरून ठेवतो. तो झुपका कंपाउंडची भिंत, सोकपिट किंवा पेव्हर घालताना एका बाजूने तोडला की माड त्याच बाजूला उघडा पडतो. बुंध्यातून तांबूस डिंकासारखा स्राव येत असेल, खोडाच्या वरच्या भागात भुंग्याची भोकं असतील किंवा बुंध्याला कुदळ मारल्यावर पोकळ आवाज आला तर त्या माडाचा भरवसा धरू नका.

निरोगी माडाचाही शेंडा हलका करायला हवा. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, मिळणं हल्ली दुर्मीळ झालंय हे खरं, पण वादळाचा इशारा आल्यावर तर तो अजिबात मिळत नाही. पिकलेले नारळ आणि सुकी चुडतं (माडाची पानं) आधीच खाली काढा. पंधरा मीटर उंचीवरून दीड किलोचा नारळ पडतो तेव्हा कौलं, गाडीची काच आणि डोकं यांत तो फरक करत नाही. हिरवी चुडतं मात्र छाटू नका. शेंडा उघडा करून वारा कमी लागतो हा गैरसमज आहे. बाहेरची चुडतं कोवळ्या सुईला, म्हणजे मधल्या न उमललेल्या पानाला, आधार देतात.

झाड तोडायचं तर परवानगी लागते. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला त्या कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळलं, त्यावर गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये माड परत आला तो थेट राज्यवृक्ष होऊन. तेव्हा माडालाही अर्ज लागतो. शेजाऱ्याचं झाड तुमच्या घरावर झुकलं असेल तर तोंडी भांडण न करता उपजिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटोसह, आणि पोच घ्या. हे काम एप्रिलचं. इशारा आल्यावर दिलेला अर्ज कुणी वाचत नाही.

छप्पर

मंगळुरी कौलांचं छप्पर वाऱ्यात दोन जागी उघडतं : वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी आणि माथ्यावरचे कोने. वारा वळचणीखाली शिरतो आणि खालून उचलतो, वरून ओढतो. मधली कौलं एकमेकांच्या वजनाने राहतात. उपाय जुना आहे. कौलाच्या पोटाला तार ओवायचं छिद्र असतं. कडेच्या दोन-तीन ओळी आणि चारी कोपरे जस्त चढवलेल्या किंवा तांब्याच्या तारेने रीपांना बांधायचे. साधी लोखंडी तार समुद्राच्या हवेत दोन पावसाळेही काढत नाही. कोन्यांखालचा सिमेंटचा गिलावा तडकला असेल तर एकट्या कोन्याला वजन पुरत नाही, तो फिरून बसवावा लागतो. घरात पन्नासेक जादा कौलं आणि एक जाड ताडपत्री असू द्या. वादळानंतर सगळ्या तालुक्याला कौलं एकाच दिवशी लागतात.

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडने अलीकडे कौलांची जागा घेतलीय. गळती थांबवायला घातलेली ही शेड चारी बाजूंनी उघडी असते, म्हणजे वाऱ्यासाठी पंखच. वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, दोन्ही बल एकाच दिशेने. ती उडते तेव्हा बहुधा पत्रा फाटत नाही. जोड सुटतो. बघण्याच्या जागा तीन. एक, पत्र्याचे स्क्रू : कडेच्या पर्लिनवर (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक नळीला एक स्क्रू हवा, मधल्या पर्लिनवर एकाआड एक चालतो. ठेकेदार उलट सगळीकडे सारखेच अंतर ठेवतो, किंवा कडेलाच वाचवतो. दोन, रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फुटलेत का. तीन, खांबाची बैठक. हे सगळ्यांत महत्त्वाचं. खांब नुसत्या कठड्याच्या भिंतीत रोवलेले असतील तर अख्खी शेड कठड्यासकट निघते. बैठकीची पट्टी स्लॅबखालच्या तुळईत किंवा कॉलमवर अँकर बोल्टने धरलेली हवी. पट्टी आणि खांबाच्या वेल्डिंगवर गंजाचे पापुद्रे दिसले तर रंग खरवडून आत किती लोखंड उरलंय ते बघा. वरून रंग मारलेला गंज जास्त फसवतो.

प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. ५०० लिटरची भरलेली टाकी ५०० किलोंची, ती जागची हलत नाही. रिकामी टाकी शेजारच्या वाड्यात सापडते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, ती धूळ आणि मुंग्यांच्या मातीने बुजतात. मग आडवा पाऊस पट्टी भरून घरात उतरतो आणि लोक खिडकीवाल्याला शिव्या देतात. एक टाचणी पुरते.

समुद्र, आभाळ निळं असतानाही

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ लांब समुद्रातून जात असताना गोव्यात वारा जवळपास नव्हताच. तरी किनाऱ्यांवर पाणी नेहमीच्या रेषेपेक्षा कितीतरी आत आलं, शॅकमधल्या खुर्च्या-टेबलं, पलंग वाहून गेले. ३ डिसेंबरला पौर्णिमा होती. वादळात उठलेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात, आणि त्या आल्या तेव्हा भरतीही सर्वांत मोठी होती. उलट तौक्तेच्या वेळी अमावास्या ११ मेला होऊन गेली होती, भरती उतरणीला लागली होती. तो आपला नशिबाचा भाग होता. तेच वादळ पाच दिवस आधी आलं असतं तर खाडीकाठच्या गावांची कथा वेगळी असती.

म्हणून पंचांग आणि हवामानाचा इशारा शेजारी ठेवून वाचा. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे मोठी भरती साधारण सकाळी अकरा-बारा आणि रात्री तेवढ्याच सुमाराला असते, भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे उंच लाटांचे इशारे वेगळे निघतात, ते वाऱ्याच्या इशाऱ्याइतकेच गंभीरपणे घ्यावेत. शॅकवाल्यांसाठी सांगायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नवा शॅक उभा करण्याचा आणि वादळाचाही हंगाम. फ्रिज, जनरेटर आणि वायरिंगचा बोर्ड भरतीच्या रेषेकडच्या बाजूला ठेवू नका. आणि वाळूची टेकडी सपाट करून समुद्राचा 'व्ह्यू' काढला असेल तर पाणीही त्याच वाटेने येणार. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उगाच त्या नावाची नाही.

होड्यांचं म्हणाल तर चूक बहुतेक वेळा दोराची असते. मालीम, कुटबण, चापोरा, खारीवाडा, सगळीकडे ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात. एकाचा दोर तुटला की तो चार जणांना घेऊन जातो. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि झटका पचवतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त, पण उन्हाने ठिसूळ होतो. दोर जिथे लोखंडाला घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा, तुटतो तो तिथेच. दोन्ही टोकांना दुहेरी दोर आणि मध्ये पुढे-मागे जाणारे तिरके दोर हवेत. भरतीत होडी वर चढायला ढील ठेवा, घट्ट बांधलेली होडी भरतीत स्वतःचाच खुंटा उपटते. नांगरावर उभी करायची असेल तर पाण्याच्या खोलीच्या किमान सातपट दोर सोडा, शेवटी जड साखळी. कमी दोर सोडला की ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगर तळ सोडतो. रापणीच्या होड्या भरतीच्या रेषेपलीकडे ओढून घ्या, इंजिन घरी न्या, आणि होडी माडाला बांधू नका.

समुद्रात असलेल्यांनी आग्वादच्या किंवा चापोराच्या मुखाशी शेवटच्या क्षणी शिरण्याचा हट्ट धरू नये. मुखाशी वाळूचा पट्टा आहे, ओहोटीचा प्रवाह आणि येणारी लाट तिथे भिडतात आणि लाट उभी फुटते. भरतीच्या वेळी आत शिरा किंवा वेळेत दुसरं बंदर गाठा. व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनल चालू ठेवा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४. मोठ्या जहाजांचीही हीच गत : जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि ते पूर्ण निघायला दशकाहून जास्त काळ गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेलं, माणूस नसलेलं नूशी नलिनी वाहत येऊन दोनापावलाजवळ खडकांवर बसलं.

खाजन आणि डोंगराकडचं पाणी

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. तिची मानस ही लाकडी दारांची आपोआप चालणारी व्यवस्था आहे. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वादळात ही घडी दोन्हीकडून बिघडते. बाहेर पाणी नेहमीपेक्षा वर राहतं, त्यामुळे ओहोटीतही दारं पुरती उघडत नाहीत. आत पाऊस साचत जातो. मग आतलं पाणी बांधावरून बाहेर सांडतं किंवा बाहेरचं आत, आणि मातीचा बांध पाणी सांडलं की वरून खरवडला जाऊन तासाभरात फुटतो. खेकड्यांची भोकं असलेली जागा पहिली जाते. इशारा आला की मानशीच्या दारांत अडकलेलं लाकूड आणि प्लास्टिक काढा, आतलं पाणी आदल्या ओहोटीत जमेल तितकं उतरवून ठेवा, आणि चिखलाच्या पोत्यांचा साठा बांधाच्या सखल जागेजवळ ठेवा. मासळीसाठी दारं अडकवून ठेवण्याची सवय तेवढे दोन दिवस तरी सोडावी.

मे महिन्यात खारं पाणी शेतात शिरलं तर फार घाबरू नका, पुढचा पावसाळा तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि मीठ धुऊन नेतो. बांध मात्र आधी सांधलेला हवा. ऑक्टोबरमध्ये शिरलं तर पीक गेलं. कोरगुटसारखं खारं सोसणारं भातही आडवं पडून पाण्यात राहिलं की लोंबीतच अंकुरतं. कापणीला आठवडा उरला असेल आणि इशारा आला असेल तर कापून घ्या, थोडा ओलावा परवडतो.

सत्तरी, डिचोली, काणकोणात वाऱ्याची भीती कमी, पाण्याची जास्त. २००९ च्या ऑक्टोबरात काणकोणात काही तासांत पूर आला, त्याला चक्रीवादळाची गरज पडली नव्हती. साखळी गावात वाळवंटी नदी फुगते तेव्हा समुद्राची भरती तिला मागे रेटत असेल तर पाणी उतरायला वेळ लागतो.

वादळ गेल्यावरचे दिवस

कित्येक माणसं वादळात मरत नाहीत, नंतर मरतात : तारेला हात लागून, कुऱ्हाडीने, छपरावरून पडून.

पडलेली तार मेली आहे असं कधीच धरू नका. दहा मीटर लांब राहा, १९१२ ला कळवा, आणि ओल्या फांदीने ती बाजूला करायला जाणाऱ्या उत्साही माणसाला थांबवा. जनरेटर लावत असाल तर बाहेरची लाइन तोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. तुमचा करंट उलट ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो, तिथे चढून हजारो व्होल्ट होतो, आणि खांबावर चढलेला लाइनमन त्याला बळी पडतो. छपरावरचं सोलर वीजखात्याच्या तारेशी जोडलेलं असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर वीज गेल्यावर तेही बंदच राहणार. तो बिघाड नव्हे. ते याच कारणासाठी तसं बनवलेलं असतं.

वीज परत येते तेव्हाही धोका असतो, आणि तो फार कुणी सांगत नाही. झाडाने ओळीतली न्यूट्रलची तार तुटली असेल तर एखाद्या घरात २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि फ्रिज, टीव्ही, पंप एका मिनिटात जळतात. म्हणून वीज गेल्यावर मेन स्विच बंद करा. आल्यावर एक जुन्या पद्धतीचा बल्ब आधी लावा. तो डोळे दिपतील इतका पेटला किंवा भकभकला तर ताबडतोब बंद. एलईडी दिवा हे दाखवत नाही. मल्टिमीटर असेल तर २६० च्या वर काही जोडू नका. समुद्राकाठच्या गावांत तारांच्या चिनी मातीच्या भांड्यांवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या दवात ठिणग्या उडतात, त्यामुळे वीज येऊन पुन्हा जाणं हे तिथे ठरलेलंच.

पडलेलं झाड तोडताना आधी त्यात तार अडकलीय का ते बघा. वाकून ताणलेली फांदी ताणलेल्या बाजूने कापली तर ती चाबकासारखी उसळते. आधी दबलेल्या बाजूने तिसरा हिस्सा चिरा, मग ताणलेल्या बाजूने. उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा झटकन उभा राहतो आणि खड्डा मिटतो. त्या खड्ड्यात डोकावणाऱ्या मुलांना लांब पाठवा.

वीज गेली की ओपा, अस्नोडा इथले पंप थांबतात आणि नळ कोरडा पडतो. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरून चार-पाच दिवसांचं पाणी साठवा. रोख पैसेही ठेवा, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि मग यूपीआय, एटीएम, पेट्रोल पंप एकदमच बंद. विहीर असेल आणि त्यात पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी उपसा, मग क्लोरीन. हिशेब असा : विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात कालवून बादलीत ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली बुडवून वरखाली हलवा. खालचा चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नका. किमान एक तास थांबा, संध्याकाळी केलं तर सकाळी वापरा. उघडी राहिलेली जुनी पावडर निरुपयोगी असते, तिच्यातलं क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं. खारं पाणी शिरलेल्या विहिरीला क्लोरीनचा उपयोग नाही, तिथे हळूहळू उपसत राहणं आणि पावसाची वाट बघणं एवढंच.

चिखल काढताना बूट आणि हातमोजे घाला, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून शिरतात. ताडपत्रीच्या घड्या, करवंट्या, पडलेली कौलं यांतलं पाणी आठवड्याच्या आत ओता, डेंगीचा डास तेवढ्यात तयार होतो. फ्रिजचा खालचा भाग चार तास, भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो, तोही दार न उघडता. मासळीच्या बाबतीत मनाची समजूत घालू नका.

नुकसान साफ करण्याआधी फोटो काढा, ज्यात घर नंबर किंवा ओळखीची खूण दिसेल. घराचा पंचनामा तलाठ्याकडून मामलेदार कार्यालयात जातो. बागायतीसाठी विभागीय कृषी कार्यालयात शेतकरी आधार निधीचा अर्ज, होडी-जाळ्यांसाठी मत्स्योद्योग खातं. गाडीवर झाड पडलं असेल तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काही मिळत नाही. गाडीत पाणी शिरलं असेल तर चावी फिरवून बघू नका. इंजिन त्यानेच फुटतं, आणि विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढे करते.

राहता राहिले उभे असलेले माड. ज्याची मधली सुई पिळवटली किंवा चुडतं देठाशी मोडली, त्याला कोंब कुजण्याचा धोका असतो. रोगाची बुरशी पावसाळ्यात अशाच जखमेतून आत जाते. म्हणून दोन-चार दिवसांत एक टक्का बोर्डो मिश्रण शेंड्यावर फवारा : १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता, आणि त्याच दिवशी वापरा. तयार मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. सुई पिवळी पडून हाताने उपटून आली आणि खाली सडका वास असेल तर कुजका भाग निरोगी गरापर्यंत कापून काढा, बोर्डोची दाट पेस्ट लावा आणि पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिक बांधा. माड महिन्याला साधारण एक नवं पान काढतो. तेव्हा तो तोडायचा निर्णय दोन-तीन महिने थांबून घ्या, आणि तोवर त्याच्याखाली गाडी लावू नका.